ताईचा हात माझ्या चाकावर

मित्रांनो, मी एक जुनं, पायाने चालवायचं शिलाई मशीन आहे. माझ्या अंगावरची सोनेरी नक्षी कधीच पुसली गेली, पण चाक अजून फिरतं. कारखान्यातून निघालं तेव्हा मी काळंभोर, चकचकीत होतं. दोन बहिणींनी मला आपल्या शिवणकामाच्या दुकानात आणलं आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं.

थोरली फार टापटिपीची. टीप केसभर वाकडी गेली तरी सगळी उसवायची. जीव मात्र कायम टांगणीला. गिऱ्हाईक उशिरा आलं की शिवण आवडली नसेल म्हणून झुरायची. धाकटी गळ्यात टेप अडकवून घरभर टेपच शोधायची, पण कुणाच्या अंगावर नव्या तऱ्हेची बाही दिसली की त्या बाईला दारातच थांबवून न्याहाळत बसायची. अशा या दोघींचं दुकान छान चाललं. गावभर कौतुक झालं. थोडं माझंही.

पुढे वय झालं, दुकान मिटलं. मी थोरलीच्या घरी खिडकीपाशी आलं. विसराळूपणा दोघींनाही आला. धाकटी एखादं नाव विसरली की सरळ विचारायची, पुन्हा विसरली की पुन्हा विचारायची. थोरली मात्र चारचौघांत चुकायला नको म्हणून गप्प होत गेली. आधी बाजार सुटला, मग शेजार, मग फोन. एका दुपारी तिला माझ्यात दोरा ओवता येईना. तिला दरदरून घाम फुटला. तिने माझ्यावर चादर टाकली आणि सुनेला सांगितलं, हे कुणाला तरी देऊन टाक.

सुनेने तिला डॉक्टरांकडे नेलं. हे विसरणं किती वाढेल ते सांगता येणार नाही, पण त्यांना एकटं बसू देऊ नका, एवढंच ते म्हणाले. सुनेने धाकटीला बोलावून घेतलं.

मला न्यायला माणूस यायचा होता, त्याच सकाळी धाकटी आली. चादर ओढून माझ्यापुढे बसली आणि दोरा भलत्याच आकड्यातून नेला. खरंच चुकली की मुद्दाम, ते मला आजही कळलेलं नाही.

"ताई, मला जमत नाहीये. तू सांग ना."

थोरली जवळ आली. "मलाही आठवत नाही गं," ती म्हणाली. हे तिने पहिल्यांदाच कुणापुढे कबूल केलं होतं.

"मग दोघी मिळून चुकू," धाकटी म्हणाली.

थोरलीने डोळे पुसले आणि माझ्या चाकावर हात ठेवला. दोरा तुटला, गुंतला, शेवटी एकदाचा ओवला गेला. दोघींनी उशीचा अभ्रा शिवला, आणि चारही बाजू शिवून टाकल्या. उशी बाहेरच राहिली. थोरली आधी ओशाळली, मग पोट धरून हसू लागली. स्वतःच्या चुकीवर ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. सुनेने त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं.

आता थोरली आणखी विसरते. कधी कधी धाकटीलाच आई म्हणते. तरी दुपार झाली की दोघी माझ्यापाशी येतात, आणि थोरली हल्ली स्वतःहून बोलते.

मित्रांनो, मला तेल हवं असलं तर मी कुरकुरतं, तुम्हाला लगेच ऐकू येतं. भ्यालेलं माणूस मात्र नुसतं गप्प होतं. तुमच्या घरात कुणी असं गप्प होत असेल, तर त्याच्या चुका काढू नका. शेजारी जाऊन बसा, आणि तुम्हाला न येणारं काहीतरी त्याला विचारा.