मैदानाच्या टोकाचा खांब

मित्रांनो, मी सागवानाचा एक जुना खांब आहे. खो-खोच्या मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब असतात, त्यांतला एक. दुसरा माझा जुळा भाऊ. नाथा सुतारांनी आम्हाला एकाच ओंडक्यातून घडवले, जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासले आणि लासलगावच्या एका शाळेच्या मैदानावर समोरासमोर पुरले. पुढे वर्षानुवर्षे आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो, पण जवळ कधी आलो नाही.

आमची काळजी भाग्यश्री बाई घेत. त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. दर रविवारी जवसाचे तेल आणि जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन येत आणि आम्हाला इतके चोळत, की वळणाऱ्या मुलीच्या तळहातात कुसळ जाऊ नये. रस्त्याने कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे जात, त्यांची धूळ आमच्यावर बसे. ती धूळ बाई येता-जाता पदराने झटकत. मुलींनी जिल्ह्याची ढाल जिंकली तेव्हा माझ्या पायाशी नारळ फुटला. माझ्या अंगावर पडलेला गुलाल बाईंनी कित्येक दिवस पुसला नाही.

या खेळाचा एक नियम आधीच सांगून ठेवतो. पाठलाग करणाऱ्या मुलीने एकदा दिशा घेतली, की तिला मधेच वळता येत नाही. खो दिला नाही, तर खांबापर्यंत जावेच लागते. खांब ओलांडला, की मगच मागे फिरता येते. बाई हा नियम पहिल्याच दिवशी शिकवत.

बाईंची मुलगी तेजस्विनी त्याच संघात होती; रविवारी आम्हाला तेल चोळायलाही ती आईबरोबर येई. मैदानावर आई म्हणायचे नाही, बाईच म्हणायचे, असा त्यांच्या घरचा कायदा होता. तिच्या शेजारच्या चौकोनात, माझ्या अगदी जवळ, साक्षी बसे. साक्षीची आई लंकाबाई बाजारात कांदा निवडायला जाई. खो-खोत शेजारच्या दोघी विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. त्यामुळे या दोघींना खेळताना एकमेकींचा चेहरा दिसत नसे. पण खो द्यायला तेजस्विनी साक्षीच्या पाठीशी आली, की तिचा आवाज कुठे तरी जाई. हात लागे, शब्द ओठांतच राही.

“मला ऐकू आलं नाही, तेजस्विनी,” बाई शिट्टी खाली करून म्हणत. सगळा संघ हसे.

सराव संपल्यावर दोघी माझ्या पायाशी बसत. एकच पेरू, तिखट-मीठ लावून, आळीपाळीने खात. साक्षीला राज्याच्या संघात जायचे होते. तिथवर पोचले तर नाशिकच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळेल, पुढचे शिक्षण होईल, असे बाईंनीच तिला सांगितले होते. एका संध्याकाळी ती पेरूचा देठ मातीत रोवत म्हणाली, “तेजू, तू मला आवडतेस. मैत्रिणी आवडतात तशी नाही.”

तेजस्विनीने बोटांचे तिखट-मीठ पुसले. मग म्हणाली, “मलापण तसंच होतं.” एवढेच. पुढे त्या दोघी वसतिगृहात खिडकीजवळची खाट कुणाची यावरून भांडत बसल्या.

दहावीच्या वर्षी संघातल्या मुलींच्या चेष्टेला धार आली. कुणाच्या तरी पालकांनी शाळेत येऊन तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सराव झाल्यावर बाईंनी दोघींना थांबवून घेतले. बाईंचा एक हात माझ्यावर टेकलेला होता. 

बाई म्हणाल्या, की लोक काहीही बोलतात. तुम्ही दोघींनी सांगा की ही नुसती चेष्टा होती. विषय इथेच संपेल, दोघी खेळाल.

“चेष्टाच होती, बाई,” तेजस्विनी म्हणाली. तिने मान वर केली नाही.

बाईंनी साक्षीकडे पाहिले.

“माझी चेष्टा नव्हती,” साक्षी म्हणाली.

बाईंनी तिला पुन्हा विचारले, अगदी मऊ आवाजात. तिला वाचवायचे होते त्यांना, असे मला आजही वाटते. साक्षीने तेच उत्तर दिले. मग ती तेजस्विनीकडे वळली आणि थोडा वेळ थांबली. तेजस्विनी माझ्या तळाशी उगवलेले गवत पाहत होती. साक्षी निघून गेली. दुसऱ्या दिवशी संघाच्या यादीत तिचे नाव नव्हते.

आठवड्याने लंकाबाई आल्या. साडीला कांद्याची टरफले चिकटलेली होती, तशाच कामावरून आल्या होत्या.

“बाई, काय चुकलं हो पोरीचं? घरी काहीच बोलत नाय. खेळाशिवाय काय हाय तिच्याकडं?”

“दम कमी पडतो तिचा,” बाई म्हणाल्या. तेजस्विनी शेजारीच उभी होती.

मित्रांनो, त्या मैदानावर साक्षीइतका दम कुणाचाच नव्हता. माझ्याभोवती वळताना तिचा श्वास मी रोज ऐकला होता. पण खांबाला बोलता येत नाही. ज्यांना बोलता येत होते, त्या दोघी मायलेकी त्या दिवशी एकमेकींशी न बोलता घरी गेल्या. पुढच्या रविवारी तेजस्विनीने तेलाच्या फडक्याला हात लावला नाही. राज्याच्या संघात ती गेली, एक वर्ष खेळली आणि मग तिने खेळ सोडला.

पुढे शाळेत मातीच्या मैदानाऐवजी मॅट आली. आम्हाला उपटून सायकल स्टँडमागे टाकले. तिथे ओलीत पडून भावाला वाळवीने संपवले आणि मग ती माझ्या तळाला लागली. बाई निवृत्त झाल्या, आजारी पडल्या. एका दुपारी तेजस्विनी त्यांना रिक्षाने शाळेत घेऊन आली. ती तोवर नाशिकला नोकरीला लागली होती. बाई अगदी वाळल्या होत्या. पिशवीतून त्यांनी तेलाची बाटली काढली, पण चोळायला बोटांत बळ नव्हते. हात नुसताच माझ्यावर ठेवून त्या बसून राहिल्या.

“साक्षी कुठे असते गं?”

“आई, आता कशाला?”

“मी दिशा घेतली, ती चुकीची होती. तेव्हाच कळलं होतं. वळायला फार उशीर केला.” मग म्हणाल्या, “तिला सांगशील? आणि लंकाबाईंना. पोरीचा दम कमी नव्हता म्हणावं.”

तेजस्विनी म्हणाली, “सांगते.”

तिने सांगितले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिली. बाई रोज विचारत असाव्यात किंवा विचारणे त्यांनी सोडले असावे. घरातले मला माहीत नाही. मला एवढेच माहीत आहे, की बाई गेल्या आणि काही दिवसांनी तेजस्विनी एकटी शाळेत आली. शिपायाला विचारून तिने मला छोट्या टेम्पोत घातले आणि स्वतः माझ्याशेजारी मागे बसली.

टेम्पो नाशिकजवळच्या एकलहऱ्याला थांबला. साक्षी तिथल्या वीज केंद्रात तंत्रज्ञ आहे. संध्याकाळी वसाहतीतल्या मुलींना ती खो-खो शिकवते, मातीच्या मैदानावर, बांबूचे खांब रोवून. तिने आधी मला ओळखले, मग तेजस्विनीला.

“बाई?”

“गेल्या,” तेजस्विनी म्हणाली. मग तिने आईचा निरोप सांगितला, एकही शब्द न गाळता. तो आपल्यापाशी पडून राहिला होता, आईला तो पोचल्याचे कळलेच नाही, हेही सांगितले.

साक्षीने माझ्या तळाशी बोट लावले. भुसा गळाला. “घरी चल. आईला तू स्वतः सांग,” ती म्हणाली. मग खाली बघतच तिने विचारले, “आणि तुझा निरोप?”

“माझीही चेष्टा नव्हती.”

“मला ऐकू आलं नाही.”

तेजस्विनीने पुन्हा सांगितले. या वेळी इतक्या मोठ्याने, की चौकोनात बसलेल्या मुलींनी वळून पाहिले. साक्षी हसली नाही की रडली नाही. तिने एका मुलीला करवत आणायला पाठवले.

माझा कुजलेला तळ कापला गेला. मी हातभर बुटका झालो. मोठ्यांच्या सामन्याला आता चालणार नाही, पण लहान मुलींना मी पुरेसा उंच आहे. मला पुरताना खड्ड्यात माती लोटणारे हात दोघींचे होते. खाटेवरून भांडणाऱ्या त्या दोघी परत येतील का, मला सांगता येणार नाही. तेजस्विनी दर रविवारी तेलाची बाटली घेऊन येते, एवढे मात्र खरे.

मित्रांनो, तुमच्या मैदानावर लाकडी खांब असतील, तर त्यांना ओलीत टाकू नका. वाळवी आतून खाते, वरून काही दिसत नाही. आणि कुणाच्या पाठीवर हात ठेवलात, तर शब्द ओठांत ठेवू नका. ऐकू जाईल असा, वेळेवर द्या.