गद्दाराची आई

मुरबे गावच्या कोळीवाड्यातली जयवंती बाजारात मासळीची पाटी लावून बसली, की येणाऱ्या-जाणाऱ्याला खडसवायची, "माझा केदार गद्दार नाय." आणि घरी येऊन देवापुढं हात जोडले, की पुटपुटायची, "तो गद्दारच असू दे."

तिला वेड लागलं नव्हतं. युद्धात लष्कराची एक खास तुकडी मच्छीमारांच्या वेशात शत्रूच्या किनाऱ्यावर उतरायची होती. बोट हाकायला तांडेल म्हणून केदारला नेलं. मोहीम फसली, बरेच जवान मेले. मग टीव्हीवर सांगितलं, की तांडेलानंच शत्रूला खबर विकली आणि तो तिकडेच पळाला. शेजारणींनी तिच्याजवळ पाटी लावणं सोडलं. पण पळाला म्हणजे जिवंत आहे ना? बुडत्याला काडीचा आधार, तसा सासू-सुनेला त्या बदनामीचा होता.

एका दुपारी दोघी बोंबील वाळत घालत होत्या, तेव्हा शिवाजी नावाचा जवान लंगडत आला.

"आई, मी त्या बोटीत होतो. केदार निर्दोष आहे. खबर आमच्याच एका मोठ्या साहेबानं फोडली आणि आळ केदारवर घातला; आमची तोंडंही त्यानंच बंद ठेवली. त्याला पकडलंय. उद्या सगळं जाहीर होईल."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि आता हे सांगायला आले. पण जयवंतीला राग आला नाही, तिला भीती वाटली.

"मग तो पळाला कशाला?"

शिवाजीनं मान खाली घातली. "वाटेत एक होडी दिसली. कोणीतरी वल्ह्याला सदरा बांधून हलवत होतं. कॅप्टन म्हणाले, थांबायचं नाही. केदारनं तरी बोट वळवली. म्हणाला, साहेब, सदरा दिसल्यावर आमच्यात कोणी पुढं जात नाय."

हे मुरब्यात कुणाला शिकवावं लागत नाही. वल्ह्यावर कापड दिसलं म्हणजे कुणीतरी बुडतंय, की जाळं तोडून आधी तिकडं जायचं, समोर सात जन्मांचा वैरी का असेना. पलीकडचे कोळीही तेच पाळतात. शत्रूनं नेमका त्याचाच सापळा लावला होता.

"होडीत शत्रूचेच लोक होते. पहिली गोळी त्यालाच लागली, त्याला ते कळलंच नाही," शिवाजी म्हणाला. "माझ्या मांडीवर गेला. बोट बुडाली, आम्हाला पोहत परतावं लागलं. त्याला आणता नाही आलं."

जयवंतीनं वाटेच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली.

"पोरा, तू आलास हे कुणी बघितलं नाय," ती हळूच म्हणाली. "तुझ्या साहेबांना सांग, केदार गद्दार हाय. तिकडं पळालाय. लोकांच्या शिव्या मी जन्मभर खाईन."

"आई, त्याला मान मिळेल."

"मान घेऊन काय करू? तो कुठंतरी दोन घास खातोय, एवढंच मला पायजे होतं."

सून मेघाली इतका वेळ बोंबलांची टोपली कवटाळून उभी होती. तिनं विचारलं, "जाताना काय बोलले?"

"होडीतली माणसं वाचली का, एवढंच विचारत होता."

"तुमी काय सांगितलं?"

"वाचली म्हणालो. शांत झाला मग."

तेव्हा कुठं जयवंतीला रडू फुटलं.

"त्याच्याशी खोटं बोललास ना रे," ती म्हणाली, "मग माझ्याशी का नाय बोललास?"