रुखवतातलं लाटणं

आप्पा गेले तेव्हा शार्दूल रडला नाही. रत्नागिरीच्या इस्पितळात वडिलांच्या खाटेशेजारी उभं राहून त्याने वरच्या पंख्याचं बेअरिंग गेल्याचं सांगितलं, आणि ते खरंच गेलेलं होतं.

हे दोन हजार दोन सालचं. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीचं, ऋजुताचं, लग्न पावसला ठरलं आणि रुखवतातल्या लाटण्याचा प्रश्न आला. आळीतल्या प्रत्येक मुलीच्या रुखवतात आप्पांनी पडवीतल्या छोट्या लेथवर काढलेलं लाटणं असे. स्वतःच्या मुलीचं तेवढं राहिलं.

"बाजारातनं आणू की," ऋजुता म्हणाली.

"आप्पांचंच होईल," शार्दूल म्हणाला. आप्पा नाहीत, ही त्याच्या मते तांत्रिक अडचण होती.

हाताने लाकूड कातायला त्याला येत नव्हतं. त्याने भंगारातल्या प्रिंटरांच्या स्टेपर मोटरी काढून लेथचं हत्यार सरकवणाऱ्या दोन्ही चाकांना बसवल्या आणि जुन्या कॉम्प्युटरला जोडल्या. कॉम्प्युटरने सांगावं, मोटरीने तेवढंच फिरावं. आईने लेथला हळदकुंकू वाहिलं. माउसलाही वाहिलं, त्याला वगळणं बरं दिसलं नसतं.

माप मात्र आप्पांचं हवं. आईचं लाटणं आप्पांनी लग्नानंतर लगेच काढलेलं. शार्दूलने ते कॅलिपरने या टोकापासून त्या टोकापर्यंत मापलं, आकडे भरले, शिवणीच्या लाकडाचा तुकडा लावला. मोटरी कुरकुरल्या, भुसा उडाला, लाटणं झालं. काहीतरी वाटेल म्हणून तो थोडा थांबला. मग भुसा झाडला.

आईने ते पोळपाटावर फिरवलं आणि हात थांबवला.

"शिंच्या, म्हातारं लाटणं केलंस!"

"तुझ्याच लाटण्यावरून केलंय."

"तेच म्हणत्ये. मधे बसलंय बघ. हे आप्पांचं काम नव्हे, ही माझी झीज. जन्माच्या पोळ्या गेल्या ह्यात."

"आयतं झिजवून दिलंन हो दादाने," ऋजुता म्हणाली. "माझ्या निम्म्या पोळ्या वाचल्या."

"नवं होतं तेव्हा मधे किती जाड होतं?" शार्दूलने आईला विचारलं.

"मला काय ठाऊक? लग्न होऊन आल्ये होत्ये, मापं घ्यायला नव्हे. आप्पांना विचार," आई म्हणाली, आणि उगीचच गॅस बारीक केला.

आळीतल्या बाकीच्या लाटण्यांनीही पोळ्याच लाटल्या होत्या. शार्दूल पडवीत येऊन बसला. कॉम्प्युटर मधल्या जाडीच्या आकड्यासाठी खोळंबला होता. शेवटी शार्दूलने नवं लाटणं धरल्यासारखी हवेतच मूठ वळली, बरं वाटलं तेवढी, आणि तिच्यातल्या पोकळीचं माप घेऊन आकडा टाकला.

मोटरींनी काही विचारलं नाही.