बोडीच्या पाळीवरची पोथी

लटारू मास्तराने चांद्याच्या वाचनालयातून एका देशभक्ताचं चरित्र आणलं, आणि त्याच्या बापाने, सोमाजीने, पहिल्याच दिवशी त्याची पोथी करून टाकली. पाट मांडला, पिवळं फडकं अंथरलं, पुस्तकावर चिमूटभर धान वाहिलं.

"बाबा, हे चरित्र आहे, पोथी नाई."

"चांगल्या माणसाची गोष्ट म्हंजे पोथीच," म्हाताऱ्याने निकाल देऊन टाकला. त्याच्यापुढे कोणाचं चाललं होतं!

पोथी म्हटली की तिचा नेम आला: ऐकायला बसलेल्याने समाप्तीआधी उठायचं नाही. धान घरात येता येता सोमाजीने अंथरूण धरलं. गडचिरोलीच्या डॉक्टराने लटारूला बाजूला नेऊन नुसती मान हलवली, आणि वर्गात पोरांना अंधश्रद्धेवरून झाडणाऱ्या मास्तराला तोच नेम आठवला. पोथी संपलीच नाही, तर बाप जाईल कसा?

मग त्याने देशभक्ताला मरूच दिलं नाही. शेवटचं प्रकरण बोटाखाली दाबून धरायचं आणि पदरचं वाचायचं. नसलेल्या तुरुंगांत त्याला टाकलं, नसलेल्या गावांतून हिंडवलं. इकडे सोमाजीला कूस बदलतानाही कळा यायच्या. लटारूची माय भागीरथा ते बघून डोळे पुसायची.

"काऊन अडकवून ठेवून राह्यला रे त्याहिले?" ती म्हणाली. लटारू पदरचं वाचतच राहिला. त्याला बाप हवा होता, बस्स.

एका दुपारी पदरचंही आटलं. तेव्हा त्याने देशभक्ताला थेट आपल्या गावच्या बोडीवर, शेतांच्या तळ्यावर, आणलं. तिच्याच पाण्यावर गावाचं धान पिकायचं. पावसात बोडीची मातीची पाळ फुटली, आणि हा पठ्ठ्या एकटा त्या भगदाडात आडवा पडून पाणी अडवत राहिला. गावात ही गोष्ट सगळे सोमाजीची म्हणून सांगत.

सोमाजीने डोळे उघडले. "हे तं माही गोष्ट होय."

लटारूची मान खाली गेली.

"पोथीत घातली, बरं वाटलं. पण मी एकटा नव्हतो. वारलू होता संगं. आधी तोच पडला पाण्यात, अन् तापानं गेला बिचारा. जंगलातला गोंड माणूस. मी सांगत राह्यलो, पण त्याचं नाव कोणी धरलंच नाई." त्याने दम खाल्ला. "खोटी पोथी मागं ठेवून मले जाता येत नाई, लटारू. त्याचं नाव घाल. मंग शेवट वाच."

लटारूला रडू फुटलं. ते नाव घेतलं की बाप मोकळा होणार, हे त्याला कळत होतं. गप्पच बसावं, असंही वाटून गेलं. पण म्हाताऱ्याची नजर हलेना.

"त्या पाळीवर," तो वाचू लागला, "आधी वारलू आडवा झाला. मग सोमाजी."

सोमाजीने हात जोडले. लटारूने बोट काढलं आणि छापलेला शेवट, एक शब्दही पदरचा न घालता, वाचून काढला. वाचून झालं तेव्हा ते जोडलेले हात भागीरथेला सोडवावे लागले.