घरी ओतलेला खटका

भंगारवाला मोटरसायकल न्यायला आला, तेव्हा वन्सं तिच्यावरच बसून पेपर वाचत होत्या.

गाडी जपानी बनावटीची. शंभर सीसी, दोन स्ट्रोकची, निळ्या टाकीची. जिन्याखाली ती वर्षानुवर्षं उभी होती. चाकं बसलेली, सीटमधला स्पंज बाहेर आलेला, साखळी गंजून काठीसारखी ताठ. घरातल्या छत्र्या, रद्दी, मोडकी इस्त्री, सगळं तिच्याच अंगावर टेकवलेलं असायचं. वन्संच्या धाकट्या भावाला ती जागा मोकळी हवी होती, म्हणून त्यानंच भंगारवाल्याला बोलावलं होतं.

"ताई, उतर ना. माणूस खोळंबलाय."

"खोळंबू दे. बातमी अर्धी राहिलीय."

"घरात बसून वाच की."

"इथे उजेड चांगला आहे."

जिन्याखाली साधा बल्बसुद्धा नव्हता.

वन्सं आयुष्यभर सरकारी भूमापक होत्या. याच गाडीच्या मागे मोजणीची दुर्बीण आणि तिपाई बांधून त्यांनी सगळे डोंगर पालथे घातले होते. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भावाच्या घरी वरच्या खोलीत राहायला आल्या, तेव्हा सामान कमी आणि गाडी एक असा त्यांचा संसार होता. पुढे किक फुकट फिरायला लागली, एक सुटा भाग कुठेच मिळेना, आणि गाडी जी जिन्याखाली गेली ती गेलीच.

आवाज ऐकून भावाची बायको बाहेर आली. तिच्या हातांना कोपरापर्यंत प्लॅस्टर लागलेलं होतं. घराच्या पुढच्या खोलीत तिची दातांची लॅब. दंतवैद्य पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवायचे आणि ती त्यांवरून कॅपा नि कवळ्या बनवायची. सगळी गल्ली तिला कवळीबाई म्हणायची. दात कोरून पोट भरत नाही ही म्हण तिनं खोटी पाडली, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा.

कवळीबाईंचं आणि वन्संचं कधी भांडण झालं नव्हतं. भांडण व्हायला जेवढी जवळीक लागते, तेवढीही दोघींत नव्हती. चहा झाला का, दोरीवरचे कपडे काढले का, एवढ्यावर बोलणं संपायचं. पण एवढ्या वर्षांत वन्संनी कुणाकडे काही मागितलेलं कवळीबाईंनी पाहिलं नव्हतं. आताही त्या मागत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, आणि पेपरचं तेच पान कधीचं उघडं होतं.

"दादा, तुम्ही रद्दी घेऊन जा," कवळीबाई भंगारवाल्याला म्हणाल्या. "गाडी दुरुस्तीला जायची आहे."

"कुठे?" नवऱ्यानं विचारलं.

"इथेच. मागच्या अंगणात."

वन्संनी पेपर खाली केला. "तुला गाडीतलं काय कळतं गं?"

"काहीच नाही. तुम्हाला कळतं ना?"

दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात कामाला सुरुवात झाली. वन्सं सांगायच्या, कवळीबाई खोलायच्या. वन्संच्या बोटांत आता जोर नव्हता, पण कुठला नट कुठल्या दिशेला फिरतो हे त्यांना डोळे मिटूनही सांगता यायचं. कवळीबाईंच्या हाताला बारीक कामाची सवय. कार्बोरेटरमधली केसाएवढी भोकं त्यांनी दातांच्या सुईनं अशी साफ केली की वन्सं भिंगातून बघत राहिल्या.

"छान," त्या म्हणाल्या. वन्संच्या तोंडून छान म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून सत्कार.

सुटे भाग शोधणं हे खरं काम होतं. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. दोघी बसनं गावभर फिरल्या. पिस्टनच्या रिंगा पाण्याच्या पंपाच्या दुकानात मिळाल्या. जुन्या जपानी पंपाच्या होत्या, माप तेच. क्लचच्या प्लेटा एका बंद होत चाललेल्या दुकानाच्या माळ्यावर सापडल्या, जपानी अक्षरांच्या मेणकागदात गुंडाळलेल्या, जशा आल्या तशाच. सगळ्यात गंमत झाली मागच्या दिव्याच्या लाल काचेची. ती काही केल्या मिळेना. मग वन्सं आपला फोटो काढायला एका जुन्या स्टुडिओत गेल्या आणि उघड्या दारातून काहीतरी लाल दिसताच उठून थेट फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीत घुसल्या. फोटो छापताना लाल उजेड लागतो म्हणून त्यानं कधीकाळी बल्बवर एक काच बसवली होती.

"ही माझ्या गाडीची काच आहे!" वन्सं ओरडल्या.

"बाई, ही माझ्या वडिलांनी बसवलीय."

"असेल. पण काच माझ्या गाडीचीच आहे."

फोटोग्राफरला हसू आलं. फिल्म धुवायला आता येतं कोण, असं म्हणत त्यानं काच काढून दिली, वर फोटोही काढला. त्या फोटोत वन्संच्या हातात लाल काच आहे आणि चेहरा एखादं पदक मिळाल्यासारखा.

उन्हाळा सरता सरता गाडी जोडून झाली. पण किकचं घोडं अडलं ते अडलंच. किक मारली की आतल्या दांड्यावरचा एक खटका उचलला जातो, चाकाच्या दात्यांत अडकतो आणि इंजिन फिरवतो. खटका नखाएवढाच, पण त्याचा अर्धा तुकडा पडलेला होता. त्यामुळे किक नुसती फिरायची.

"ढकलून बघू," वन्सं म्हणाल्या आणि भावाला हाक मारली. तो आधी नको नको म्हणाला, मग बनियनवर येऊन ढकलायला लागला. गल्लीच्या टोकाला वन्संनी क्लच सोडला आणि निळ्या धुराच्या लोटात गाडी एकदम ओरडली. खिडक्या उघडल्या. कुत्री पळाली. भाऊ कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता, पण हसत होता.

"ताई, तोच आवाज गं! पण रोज नाही हं ढकलणार मी."

"रोज ढकलून सुरू करायची तर मग हातगाडीच का नको?" वन्सं म्हणाल्या. "खटका पाहिजे."

कुणीतरी टाकीवाल्यांचं नाव सुचवलं. हे गृहस्थ जुन्या मोटरसायकली जमवायचे. त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर चित्रांऐवजी पेट्रोलच्या टाक्या टांगलेल्या होत्या, म्हणून हे नाव. त्यांनी दोघींना आदरानं बसवलं, चहा दिला, आणि कपाटातून काचेची डबी काढून समोर ठेवली. आत तोच खटका. कोरा.

"हा देऊ शकतो मी," ते म्हणाले. "पण गाडीसकट. म्हणजे गाडी तुम्ही मला द्यायची. निळी टाकी माझ्याकडे नाही."

"म्हणजे दात हवा असेल तर तोंड द्या," कवळीबाई म्हणाल्या.

टाकीवाले मनापासून हसले, पण डबी त्यांनी पुन्हा कपाटात ठेवली.

परतीच्या बसमध्ये वन्संनी दोघींची तिकिटं काढली. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "देऊन टाकू का गं? त्यांच्याकडे निदान पुसली तरी जाईल. माझ्यामागे पुन्हा जिन्याखालीच जायची."

"वन्सं, मी रोज काय करते?"

"दात करतेस."

"कुणाचा दात पडला की मी काय बघते? शेजारचे दात बघते, समोरचे बघते, चावा कसा बसतो ते बघते. त्यावरून गेलेला दात कसा होता ते कळतं. इथेही शेजार शाबूत आहे. अर्धा तुकडाही आहे. मला करून तर बघू द्या."

वन्संनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट वळून बघितलं. "हे आधी का नाही सुचलं तुला?"

"मला वाटलं, तुम्ही हसाल."

"हसले असते," वन्सं प्रामाणिकपणे म्हणाल्या. "आता नाही हसणार."

कवळीबाईंनी जबड्याचा घ्यावा तसा चाकाच्या दात्यांचा ठसा घेतला. खटका बसतो त्या खाचेचा वेगळा घेतला. प्लॅस्टर ओतून दोन्ही नमुने केले आणि त्यांवर मेणाचा खटका घडवायला बसल्या. मेण थोडं खरवडायचं, बसवून बघायचं, पुन्हा खरवडायचं. वन्सं शेजारी स्टुलावर बसून मापं घ्यायच्या. आयुष्यभर डोंगर मोजलेली बाई आता नखाएवढं मेण मोजत होती, आणि कवळीबाईंच्याच कडक शिस्तीत. "हात टेबलावर नको. मेण हलतं." वन्सं मुकाट हात काढून घ्यायच्या.

मेणावर साचा झाला, भट्टीत मेण जळून गेलं, त्या पोकळीत वितळलेला धातू गेला. पहिला खटका चकचकीत निघाला, झोकात बसला आणि काही किकांतच वाकला.

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. केलंस तेवढं पुष्कळ."

कवळीबाईंनी वाकलेला खटका भिंगाखाली धरला. चूक त्यांची त्यांना दिसली. कॅपांचा धातू वापरला होता, तो या कामाला नरम. काढता-घालता येणाऱ्या कवळीची बारीक जाळी ज्या धातूची करतात, तो चिवट असतो. माणूस दिवसातून कितीदा चावतो, ती जाळी मोडत नाही. मग त्यांनी मूळचा मोडका तुकडाही निरखला. तडा गेला होता तो आतल्या टोकदार कोपऱ्यातून.

"वन्सं, हा कोपरा मी गोल करणार."

"मूळच्या भागात गोल नाही."

"मूळचा भाग मोडलाय."

वन्संनी मोडक्या तुकड्याच्या कोपऱ्यावरून नख फिरवलं. मग मान डोलावून म्हणाल्या, "कर गोल."

दुसरा खटका दिसायला काळपट होता. कवळीबाईंनी त्याला मुद्दामच चमक दिली नाही, फक्त जिथे घासतो तिथे आरशासारखा केला. गाडी जोडली. वन्संनी पाय ठेवला, पण गुडघ्यानं साथ दिली नाही.

"तू मार."

"मी? मी कधी सायकलसुद्धा चालवली नाही."

"मी सांगते तशी मार. आधी हळू दाब. कुठे अडतंय ते पायाला कळेल. तिथून सगळा भार टाक."

पायाला कळलं. खटका दात्यात बसल्याचा तो बारीकसा चावा तळव्याला जाणवला आणि कवळीबाईंनी सगळा भार टाकला. गाडी सुरू झाली. त्या तशाच एका पायावर उभ्या राहिल्या आणि रडू येईल असं वाटत असतानाच मोठ्यानं हसल्या. नवरा घरातून धावत आला तो अर्ध्या दाढीनिशी, हातात वस्तरा घेऊन. "मी ढकललं नाही हं!" तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होता. "किकनं झाली. आमच्या हिनं खटका ओतलाय. घरी!"

पुढच्या महिन्यात मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा होता. वन्सं पुढे, कवळीबाई मागे, अशा दोघी गाडीवरूनच गेल्या. टाकीवाले निळी टाकी बघून पुढे आले आणि कवळीबाईंच्या एका किकला गाडी सुरू झालेली बघून थांबले.

"खटका कुठे मिळाला तुम्हाला? मला सांगा, मी आणखी घेतो."

वन्संनी हेल्मेट काढलं, केस सारखे केले, घाई केली नाही. "मिळाला नाही. ही माझी भावजय. हिनं केलाय."

"केलाय म्हणजे?"

"मलाही सगळं सांगता येत नाही. तिलाच विचारा. मी नुसती मापं घ्यायला होते."

लोक जमले. कवळीबाईंनी पर्समधून पहिला वाकलेला खटका काढून दाखवला आणि तो का वाकला, दुसरा का नाही वाकला, ते कॅप बसवायला आलेल्या पेशंटला दंतवैद्यानं समजवावं तसं समजावलं. गाडीवाले हातातलं खाणं विसरून ऐकत होते. थोड्या अंतरावर वन्सं हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि ते लपवायचा त्यांनी काडीचाही प्रयत्न केला नाही.

टाकीवाले पुढे स्वतः लॅबमध्ये आले. काचेच्या डबीतला कोरा खटका त्यांनी आपल्या एका गाडीला लावला होता आणि तो त्याच कोपऱ्यातून मोडला होता. गोल कोपऱ्याचा एक करून द्याल का, असं त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं. कवळीबाईंनी करून दिला. बदल्यात वन्संच्या गाडीला नसलेलं डाव्या बाजूचं पत्र्याचं झाकण मागितलं, तेही अस्सल जुनं. ते त्यांनी आनंदानं दिलं आणि आणखी चार जणांना लॅबचा पत्ताही दिला.

मग फोनच सुरू झाले. आता लॅबच्या टेबलावर एका बाजूला कवळ्या आणि दुसऱ्या बाजूला खटके असतात. एकदा पुड्यांची अदलाबदल झाली, तेव्हा एका दंतवैद्याचा फोन आला की बाई, हा सुळा जरा जास्तच अणकुचीदार आलाय. तेव्हापासून खटक्यांचं काम वन्संनी आपल्याकडे घेतलं. त्या माप तपासल्याशिवाय पुडी बांधत नाहीत.

नवऱ्यानं दारावर नवी पाटी करून आणली. वर दातांची लॅब आणि खाली, 'जुन्या जपानी मोटरसायकलींचे खटके ओतून मिळतील.'

"कशाला हो?" कवळीबाई लाजल्या. "लोक हसतील."

"अक्षरं लहान झालीत," वन्सं म्हणाल्या. त्यांनी टेप काढून अक्षरांची उंची मोजली, समोरून रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथवर गेल्या आणि कपाळावर हात आडवा धरून तिथूनच पाटी वाचायला लागल्या. मध्ये एक ट्रक येऊन थांबला. तो हलेपर्यंत त्या थांबल्या आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, पाटी वाचू लागल्या.