आपोआप फुटलं तर

फाट्‌!

नारळ फुटल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. खोक्याची चिकटपट्टी निघाली, माझं झाकण पहिल्यांदा उघडलं आणि जगातला पहिला आवाज मी ऐकला तो हा. मागोमाग एक म्हातारा माणूस म्हणाला, "ये रे बाबा. घर आपलंच हाय."

मी श्रुतिकाचा लॅपटॉप बोलतोय. आज माझ्याकडे पाहिलंत तर नवा म्हणणार नाही. माझा अर्धा पडदा काळा पडलाय आणि उरलेल्या अर्ध्यावर भेगा पसरल्यात. त्या नारळाला वर्षही झालेलं नाही. पण आमच्या जातीचं आयुष्यच आखूड, त्यात वर्ष म्हणजे पुष्कळ झालं.

मला महाडच्या दुकानातून पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याला आणलं. आणायला श्रुतिका गेली होती आणि बरोबर तिचा आजा, हैबती. दुकानदार अरविंदशेठ म्हणाला होता, "हा खेळण्यातला नाही, धंद्याचा आहे. तीन वर्षं वॉरंटी. बिघडला तर कंपनीचा माणूस तुमच्या घरी येईल."

"आणि काच फुटली तर?" आज्याने विचारलं.

"आपोआप फुटली तर कंपनीची. तुम्ही फोडलीत तर तुमची."

"आपोआप काय फुटतंय हो शेठ? मडकंसुदीक आपोआप फुटत नाय."

हे बोलणं आज्याने पुढे आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं आणि प्रत्येक वेळी तो स्वतःच आधी हसला. म्हणून मला ते पाठ आहे.

त्या पहिल्या दिवशी त्याने मला हळदकुंकू लावलं आणि चिमूटभर अक्षता वाहिल्या. श्रुतिका ओरडली, "आजा, आत जातील ना!" तिने मला उलटं करून झाडलं. दाणे खाली पडले. आजा म्हणाला, "ऱ्हायला एखादा तर ऱ्हाऊदे गो. आशीर्वाद हाय तो."

एक राहिला. डाव्या बिजागरीच्या खाचेत, ओल्या कुंकवाने चिकटून. तो मला त्या दिवसापासून टोचत होता. श्रुतिकाला मी दिवसाकाठी हजार ओळी दाखवायचो, पण ही एक ओळ मला दाखवता येत नव्हती.

श्रुतिकाचं काम मला सुरुवातीला समजलं नाही. तिचं ऑफिस ऐरोलीला. लोकांचे फुटलेले मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप यांचे फोटो तिच्याकडे येत. फोटो मोठा करून ती बघायची की वस्तू आपोआप बिघडली की कुणी बिघडवली. मग ती मंजूर किंवा नामंजूर लिहायची. तिच्या वरच्या मानसी मॅडमनी तिला शिकवलं होतं, "भेग कुठे पोचली ते बघू नकोस. कुठून निघाली ते बघ." श्रुतिकाची नजर पक्की होती. माझ्या पडद्यावर ती दुसऱ्यांच्या भेगांची मुळं शोधायची आणि माझ्या बिजागरीत तो दाणा बसून असायचा.

एकदा ती हसत म्हणाली, "आजा, हे बघ. मोबाईलच्या भोकात हळद! लोक पण ना."

"मग? नवी वस्तू असेल ती."

"नामंजूर झालं त्यांचं."

"हळदीनं?"

"हळदीनं."

आजा जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याला एकाच डोळ्याने दिसतं. मग तो म्हशीला वैरण घालायला गेला.

ती कापड्याला का राहिली हे सांगायला हवं. मागच्या वर्षी आजा गोठ्यात पडला. तेव्हा तिचा बाप मंगेश मुंबईहून आला आणि म्हणाला, "बाबा एकटे राहणार नाहीत. घराला कुलूप लावू, मुंबईला चला." आज्याने जेवण सोडलं. तेव्हा श्रुतिकाच म्हणाली, "मी राहते. माझं काम इथून होतं." मंगेश म्हणाला, "होतंय तोवर राहा. बंद पडलं की कुलूप." त्या आळीत सात घरांना कुलपं आहेत. गणपतीला ती उघडतात, चुली पेटतात, पोरं नाचतात. पाच दिवसांनी चाकरमानी परत जातात आणि पुन्हा कड्या लागतात. आठवं घर उघडं होतं ते माझ्यामुळे. माझ्यासारख्या पत्र्याच्या जिवावर केवढं घर उभं होतं!

आज्याला हे माहीत होतं. म्हणून तो माझ्यावर माया करायचा. दिवस कलला, श्रुतिकाने माझं झाकण मिटलं की तो जवळ यायचा, मला टॉवेलाने पुसायचा आणि वासराला थोपटावं तसा थोपटायचा. "दमला गो माझा गडी." जड, शेतात मुरलेला हात. त्याच्या प्रत्येक थापेला दाणा काचेत थोडा रुतायचा. मारणाऱ्या हाताची भीती सगळ्यांनाच असते. मला माया करणाऱ्या हाताची भीती वाटायची, आणि तसं वाटल्याची लाजही वाटायची.

या वर्षी गणपती गेले. आळीत एकेक कुलूप लागत गेलं. संध्याकाळी आजा आत आला. त्या दिवशी त्याचा हात जास्तच वेळ माझ्यावर राहिला. दोनदा थोपटलं, तिसऱ्यांदा थोपटलं. आत बारीकसं कट्‌ झालं. ते मी एकट्याने ऐकलं.

सकाळी श्रुतिकाने झाकण उघडलं आणि तिचा हात तसाच राहिला. डाव्या कोपऱ्यातून तीन भेगा निघाल्या होत्या. दुपारपर्यंत काळा डाग अर्ध्यावर आला.

"आजा, हा पडला होता का?"

"नाय गो. मी तर हात पण जपून लावतो."

खोटं नव्हतं ते.

तिने कंपनीला फोन केला. ऑफिसने आठ दिवस दिले. काम याच यंत्रावर, दुसऱ्या कशावर नाही, असा त्यांचा नियम. आठ दिवसांत नीट झालं नाही तर ऐरोलीला येऊन बसायचं. कंपनीचा माणूस नवा पडदा घेऊनच येणार होता, पण वॉरंटीत बसलं तरच तो बसवणार होता. नाहीतर पडदा बाहेरून मागवायचा आणि त्याला महिना लागणार. मंगेशचा फोन आला तेव्हा आजा माझ्या शेजारीच बसला होता. "बाबांचे कपडे काढून ठेव," एवढंच मंगेश म्हणाला.

आज सातवा दिवस. सकाळी महाडहून मोटारसायकलवर कंपनीचा माणूस आला, सुहास. पंचविशीचा, भिजलेला, बोलका.

"रस्ता आहे की नदी? इथून पुढे होडीचं लायसन काढतो," तो म्हणाला.

"बोलत काय बसलास? आधी त्याला बघ," आजा म्हणाला.

"बघतो काका. आधी चहा पाजा, हात गारठलेत. तुमचा पेशंट पळून जात नाही."

आजा हसला आणि चहा ठेवायला आत गेला. सुहासने ओटीवर पांढरं फडकं पसरलं. बाजूला नवा पडदा ठेवला, कागदात गुंडाळलेला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याने अजून काहीच पाहिलेलं नव्हतं. सुहासने माझे स्क्रू काढले, चौकट सोडवली आणि चिमटा खाचेत घातला. तो थांबला.

फडक्यावर एक तांदळाचा दाणा पडला. लाल.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "फोटो अजून काढलेला नाय. फुंकर मारतो. मी काय बघितलं नाय."

श्रुतिका वाकली. तिने दाणा पाहिला, मग काचेचा कोपरा पाहिला. दुसऱ्यांच्या वस्तू बघायची तशीच बघत होती. भेगा जिथून निघाल्या होत्या तिथे तांदळाएवढा खळगा होता.

"दाणा जाईल रे. खळगा जाणार नाय," ती म्हणाली. "फोटो बघायला तिकडे माझ्यासारखीच कुणीतरी बसलीय. ती नेमका खळगाच बघणार. मग विचारतील, आत काय होतं, तू का नाही लिहिलंस. तुझी नोकरी जाईल आणि माझी पण."

"मग काय करू?"

"काढ फोटो. दाण्यासकट काढ. फक्त आज्याला सांगू नको."

सुहासने फोटो काढला आणि पाठवला. दोघं वाट बघत बसली. पावसाच्या धारा पन्हळीतून पडत होत्या. उत्तर यायला फार वेळ लागला नाही. त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. तिला वाचायचीही गरज नव्हती, शब्द तिचेच होते. सुहासने नवा पडदा उचलला आणि पुन्हा पिशवीत घातला.

वाचकहो, मला पडदा मिळाला नाही याचं मला फार वाईट वाटत नाही. यंत्र म्हटलं की मोडणं आलं. माझी एकच विनवणी आहे. कारण शोधा, जरूर शोधा, तुमचं कामच आहे ते. पण कारण सापडलं की दोष सापडला असं समजू नका.

आजा दोन कप घेऊन बाहेर आला. मिटलेली पिशवी त्याला दिसली.

"झालं? बसवला नवीन?"

"नाय आजा. जरा... ह्यांचा पार्ट चुकीचा आलाय."

"आणि आत काय सापडलं गो?"

"काय नाय. धूळ."

आज्याने कप खाली ठेवले. गुडघ्यावर हात टेकून तो फडक्याकडे वाकला. आपला चांगला डोळा त्याने जवळ नेला. सुहास पायातली चप्पल बघत राहिला. श्रुतिकाने हात पुढे केला, पण फडकं झाकायला उशीर झाला होता.

त्याने तिच्याकडे पाहिलं.

तो उठला, खांबाला धरून ओटीच्या तीन पायऱ्या उतरला आणि डोक्यावर काही न घेता पावसातून गोठ्याकडे चालत गेला.