काळ्या बॉलला हात

चार गावांतले, बिलियर्डसारखा 'पूल' खेळायचे चार हॉल एका स्पर्धेसाठी एका छताखाली आणायचं धम्मरत्न मुनेश्वरने ठरवलं, तेव्हा घाटंजीत लोकांनी त्याचे नाना अर्थ लावले. कुणी म्हणालं, हॉलची जाहिरात आहे. कुणी म्हणालं, हा नगरपरिषदेला उभा राहणार. त्याची बायको साधना एवढंच म्हणाली, "खेमसिंगभाऊले बोलवाचं हाय त सरळ फोन लावा न. त्याच्यापायी अर्धा जिल्हा कायले गोळा करता?"

तिचं खरं होतं.

बसस्टँडमागचा तो हॉल त्याने आणि खेमसिंग राठोडने मिळून उभा केला होता. जुनं टेबल नागपूरहून टेम्पोत आलं तेव्हा टेबलावर बसवायच्या, गाद्यांत गुंडाळलेल्या दगडी लाद्या धरून दोघे मागे बसले होते, आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरचा उद्धार करत होते. खेमसिंग तांड्यातला, धम्मरत्न भीमनगरातला. सकाळी शटर उघडताना खेमसिंग "जय भीम" म्हणायचा आणि धम्मरत्न "जय सेवालाल". येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची गंमत वाटायची.

पुढे खेमसिंगच्या सासऱ्यांनी उमरखेडला इमारत बांधली, तिच्यात खालची जागा दिली आणि खेमसिंगने तिथे स्वतःचा हॉल टाकायचं ठरवलं. ही बातमी धम्मरत्नला कळली ती टेबलाचं हिरवं कापड विकणाऱ्या माणसाकडून. ते त्याला लागलं. उद्घाटनाचं बोलावणं आलं तेव्हा तो गेला नाही. ते खेमसिंगला लागलं. भांडण असं काही झालंच नाही, त्यामुळे ते मिटवायचं म्हटलं तरी सुरुवात कुठून करावी हे दोघांनाही सुचेना. वर्षं गेली. या हॉलची पोरं त्या हॉलला खेमसिंगच्या जीपवरून 'जीपवाले' म्हणू लागली आणि त्या हॉलची पोरं यांना 'उताराचं टेबल' म्हणून चिडवू लागली. एकमेकांशी खेळायची वेळ मात्र कधी आली नाही.

स्पर्धेसाठी धम्मरत्नने बाकीच्या तिन्ही हॉलच्या मालकांना फोन केले. यवतमाळ आणि पांढरकवडा सहज तयार झाले. उमरखेडचा नंबर लावायला त्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला.

"बोला भाऊ," खेमसिंग म्हणाला. पूर्वीसारखं 'बोल बे' नाही.

धम्मरत्नने स्पर्धेचं सांगितलं. एका टीमचे पाच खेळाडू, पाच फ्रेम म्हणजे पाच डाव, ज्याच्या तीन झाल्या तो पुढे. खेमसिंगने ऐकून घेतलं आणि नियमांचं विचारलं. खरी डोकेदुखी तीच होती. यवतमाळवाल्यांकडे फाउल झाला की समोरच्याने पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेवायचा. पांढरकवड्याला तो जागचा हलत नसे, दोन शॉट मिळत. काळा, म्हणजे शेवटी घालून फ्रेम जिंकायचा तो बॉल, कोणत्या होलात मारणार ते आधी बोलून दाखवायचं की नाही, यावर तर प्रत्येक गावाचं मत वेगळं. धम्मरत्न मन लावून बसला. दोन आठवडे फोन, मेसेज आणि वादावादी करून त्याने एकेक मुद्दा सोडवला. हॉलमधली निम्मी भांडणं बॉलला हात लागला की नाही यावरून होतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तिथे त्याने सगळ्यात कडक नियम घातला. बॉलला हात किंवा कपडा लागला, तर फ्रेम गेली. चारही मालकांनी मान्य केलं.

पंच कोण, यावर यवतमाळवाल्याने कुरकुर केली. ज्याच्या हॉलात खेळ त्याचाच पंच कसा? त्यावर खेमसिंगने सगळ्यांच्या ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. "पंच धम्मरत्नभाऊच राहतीन. ते आपल्या हॉलकडून खेळणार नाईत आन् कोणाच्या बाजूनं बोलणारही नाईत. मी वळखतो त्यायले."

तो मेसेज धम्मरत्नने किती वेळा ऐकला ते साधनाला माहीत होतं. स्पर्धेच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे जेवायला घरीच येणार हे धरून तिने आदल्या दिवशी वांगी आणून ठेवली.

संक्रांत झाल्यावरच्या रविवारी उमरखेडची जीप हॉलसमोर थांबली. खेमसिंग थोडा सुटला होता, कानाजवळ केस पिकले होते. हातात क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, लांबट पिशवी. पायरीवर तो क्षणभर घुटमळला.

"नमस्कार," तो म्हणाला.

"नमस्कार," धम्मरत्न म्हणाला.

सकाळच्या पहिल्या सामन्यात उमरखेड आणि पांढरकवडा समोरासमोर आले. दोन-दोन अशी बरोबरी झाली. शेवटच्या फ्रेमला पांढरकवड्याचा पोरगा टेबलावर वाकून लांबचा शॉट घेत होता. त्याच्या सदऱ्याची सैल बाही एका बॉलला जेमतेम घासून गेली. बॉल जागचा हललासुद्धा नाही. पण धम्मरत्नने पाहिलं आणि हात वर केला. फ्रेम उमरखेडला, सामना उमरखेडला.

पांढरकवड्याच्या टीमचा म्होरक्या बळीराम तापला. "बाही, धम्मरत्नभाऊ! बाही लागली न त्याची, हात थोडीच लागला!"

"कपडा मंजूर केलता तुमीच."

"केलता बावा," बळीराम म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. "आता आमी इथंच बसून पायतो. सगळ्यायलेच हा कायदा राह्यते का, ते."

दुसऱ्या सामन्यात घाटंजीने यवतमाळला हरवलं. म्हणजे अंतिम सामना घाटंजी आणि उमरखेड यांच्यात ठरला. जेवायची सुट्टी झाली. मागच्या अंगणात साधनाने पोळ्या, वरण आणि पातळ भाजी वाढायला घेतली होती. खेमसिंग ताट घेऊन भिंतीला टेकला. धम्मरत्न शेजारी जाऊन उभा राहिला.

मग खेमसिंग भाजीत पोळी बुडवता बुडवता म्हणाला, "धम्म्या, तुह्या टेबलाचा उतार अजून तसाच हाय बे. डाव्या कोपऱ्यात बॉल आपोआप जाते. यवतमाळवाले बिचारे त्याच्यातच मेले."

धम्मरत्नला ठसका लागला. "त्याच्याखाली फरशीचा तुकडा तूच घातलता."

"मी सरळ घातलता. तूनं पोछा मारताना हलवला असन."

"पोछा मी कायले मारू? तो तुह्याकडं होता."

"म्हूनच त मी पळालो."

दोघे हसले. साधना पोळ्यांचं टोपलं घेऊन आली. "भाऊजी, सांजच्याला घरीच जेवाचं हाय. सगळ्या पोट्ट्यायले घेऊन या."

"जिंकलो त जेवतो, वहिनी," खेमसिंग म्हणाला. "हारलो त दोनदा जेवतो."

सुट्टीनंतर धम्मरत्न टेबलापाशी आला तो मन हलकं करून. आजचं काम झालं असं त्याला वाटत होतं. कप कुणीही नेवो.

अंतिम सामनाही दोन-दोनवर आला. उमरखेडकडून शेवटची फ्रेम खेळायला खेमसिंग स्वतः उठला. घाटंजीकडून ऋतिक होता. ऋतिक भोयर कॉलेजात शिकणारा, हाताचा चांगला, दीड-दोन वर्षांपासून हॉलात येणारा. खेमसिंगचं नाव त्याने फक्त ऐकलं होतं. फ्रेम चांगली झाली. खेमसिंग घाई करत नव्हता, एकेक बॉल पुसून काढल्यासारखा होलात घालत होता. शेवटी त्याचा फक्त काळा उरला. ऋतिकचे अजून दोन बाकी होते. काळा मधल्या होलाच्या अगदी तोंडाशी होता आणि पांढरा त्याच्यासमोर हातभरावर. डोळे मिटून मारला असता तरी गेला असता.

खेमसिंगने क्यूला खडू लावला. ऋतिकच्या शेजारी त्याचा मित्र उभा होता. त्याने ऋतिकसमोर खडूचा तुकडा धरला. ऋतिकने मान हलवली आणि म्हणाला, "राहू दे."

खेमसिंग थांबला. त्याने ऋतिककडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. क्यू डाव्या हातात घेऊन उजव्या हाताने त्याने काळा बॉल उचलला, टेबलाच्या लाकडी काठावर ठेवला आणि तोच हात मिळवायला ऋतिकपुढे केला.

ऋतिक गोंधळला. "काका, हात लावला तुमी!"

हॉलात एकच गलका झाला. उमरखेडची पोरं पुढे सरसावली. "त्यानं राहू दे म्हटलं! आमी सगळ्यायनं आयकलं!"

"मी त्याले म्हटलं," ऋतिक मित्राकडे बोट दाखवत म्हणाला. "खडू राहू दे, असं."

ऋतिक खोटं बोलत नव्हता. खेमसिंगही चुकला नव्हता. हे त्या हॉलात एकट्या धम्मरत्नला समजलं. जुन्या दिवसांत याच टेबलावर ती रीत पडली होती. काळा होलाच्या तोंडाशी आला आणि समोरच्याचा काही इलाज उरला नाही की तो 'राहू दे' म्हणायचा. म्हणजे मारायची गरज नाही, फ्रेम तुझी. मग जिंकणारा काळा हाताने उचलायचा आणि हात मिळवायचा. हरणाऱ्याने आपल्या तोंडाने हार कबूल करायची, हे खेमसिंगच्या डोक्यातून निघालेलं. खेमसिंग गेल्यावर इथे नवी पोरं आली. त्यांच्यात तसं म्हणायला कुणी राजी नसायचं. धम्मरत्नने आग्रह धरला नाही आणि रीत आपसूक बंद पडली. उमरखेडला ती चालू होती. नियम ठरवताना पांढऱ्यापासून बाहीपर्यंत सगळ्याचा विचार धम्मरत्नने केला होता. याचा केला नव्हता. ती रीत त्याच्या लेखी नियम नव्हतीच कधी.

बाकावरून बळीराम उठला. तो ओरडला नाही. "धम्मरत्नभाऊ, सकाळी बाही लागली त आमची फ्रेम गेली. आन् थे ह्यायलेच भेटली. हा त पुरा हात हाय."

सगळे धम्मरत्नकडे पाहू लागले. तो खेमसिंगजवळ गेला. त्याच्या मनात एकच गोष्ट होती. आज आपण खेमसिंगला सोडलं, तर सगळे म्हणतील, जुना पार्टनर म्हणून सोडलं. आणि खेमसिंगनेच तर सांगितलं होतं, हा कोणाच्या बाजूने बोलणार नाही.

"बॉलले हात लावला?" त्याने विचारलं.

खेमसिंग त्याच्याकडे पाहत राहिला. बहुधा जुन्या रितीबद्दलच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत असावा. ते आलं नाही.

"लावला," तो म्हणाला.

तेवढ्यात ऋतिक पुढे झाला. मघाचा गोंधळ त्याच्या चेहऱ्यावर तसाच होता, पण आवाज साफ होता. "भाऊ, ठेवू द्या न काकायले परत. मारू द्या. जाणारच होता तो. माह्यं काही म्हणणं नाई."

बळीरामसुद्धा परत बाकावर बसला. त्या घडीला धम्मरत्न नुसता गप्प राहिला असता तरी पुरे होतं. ऋतिकने स्वतःच्या हाताने काळा होलाच्या तोंडाशी ठेवला असता आणि कुणी हरकत घेतली नसती.

"तू मधात बोलू नको," धम्मरत्न म्हणाला. "नियम म्हंजे नियम. फ्रेम घाटंजी."

टाळ्या पडल्या, पण ओढूनताणून पडल्या. खेमसिंगने क्यूचे दोन भाग वेगळे केले, पिशवीत घातले, चेन ओढली. आपल्या पोरांना त्याने हातानेच गप्प केलं. बक्षीस वाटायला तो थांबला, ऋतिकच्या पाठीवर थाप मारली, दुसऱ्या क्रमांकाची ढाल घेतली आणि फोटोत धम्मरत्नच्या शेजारीच उभा राहिला. त्याने तोंड वाकडं केलं असतं, एखादी शिवी घातली असती, तर धम्मरत्नला उलट बोलता आलं असतं.

साधना दारात आली. "भाऊजी, घरी—"

"वहिनी, पुसदच्या अलीकडं रस्ता खराब हाय," खेमसिंग म्हणाला. "पोट्ट्यायले येळेवर घरी सोडाचं हाय. कोकिळाबाई वाट पायत असन." कोकिळा त्याची बायको.

जीप गेली. शिजवलेलं एवढं अन्न कुठे द्यायचं, हे साधनाने नवऱ्याला विचारलं नाही. तिने ऋतिकला आणि टीमच्या पोरांना घरी बोलावलं. पोरांनी वांग्याची भाजी मागून मागून खाल्ली. ऋतिक मात्र लवकर उठला. हात धुताना त्याने धम्मरत्नला विचारलं, "भाऊ, थे काका राहू दे आयकून बॉल काहून उचलत होते?"

धम्मरत्नने त्याला सांगितलं. ऋतिक नळ बंद करायचा विसरला.

"मंग तुमाले तवाच समजलं होतं?"

"पाणी वाया चाललं," धम्मरत्न म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याने उमरखेडला फोन लावला. काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं. तू उचलला ते बरोबर होतं. मला कळलं होतं. तो पोरगा मोठ्या मनाचा निघाला आणि मी त्यालाही अडवलं. फोन उचलला गेला तेव्हा मागे बॉलचा खटखटाट ऐकू येत होता.

"बोला भाऊ," खेमसिंग म्हणाला. आवाज मोकळा होता, गिऱ्हाइकाशी बोलावा तसा. "सामने मस्त झाले. पांढरकवडेवाले म्हणत होते, पुढच्या साली त्यायच्याकडं ठेवू."

"खेमसिंग, त्या दिवशी थे..."

"थे बराबरच होतं, भाऊ. तुमी नियमानं गेले. मी पोट्ट्यायले सांगून देल्लं, आता आपल्याकडंही राहू दे-बिहू दे बंद. काळा होलात पडला पायजे, मंगच फ्रेम. बाहेर खेळाले गेलं का उगाच गडबड होते."

धम्मरत्न फोन कानाशी धरून उभा राहिला. समोर टेबलावर दोन पोरं खेळत होती. एकजण वाकून नेम धरत होता.

"होतं का अजून काही काम?" खेमसिंगने विचारलं.

"नाई," धम्मरत्न म्हणाला. "परवा गाडी बराबर पोचली होती न?"

"पोचली न भाऊ," खेमसिंग म्हणाला. "कवाचीच पोचली."